बाकावरची उंची

जिल्हा बास्केटबॉल स्पर्धेचा सामना होता. तिसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं उरलेली, आम्ही सात गुणांनी मागे, आणि आमच्या सेंटरला, म्हणजे रिंगपाशी उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूला, चौथा फाउल लागला. पाचव्याला मुलगा बाहेर. मी बाकाकडे वळून पाहिलं. अगदी टोकाला दहावीतला एक मुलगा बसला होता, सहा फूट चार इंच उंचीचा. गुडघे इतके वर आलेले, की त्यांच्यावर टाकलेला टॉवेल तंबूसारखा ताणला गेला होता. त्याने डाव्या बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. मग उजव्या बुटाची सोडली, बांधली. मी त्याच्याकडे बघतोय हे त्याला कळलं होतं, म्हणूनच तो मान वर करत नव्हता.

मी त्याला उठवलं नाही. चार फाउलवाल्यालाच आत ठेवलं. दोन मिनिटांत त्याला पाचवा लागला. मग एका बुटक्या फॉरवर्डला मी बोर्डाखाली उभं केलं आणि त्याच्या डोक्यावरून समोरच्या संघाने वाटेल तसे रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेले चेंडू, उचलले. सामना अकरा गुणांनी गेला.

त्या मुलाचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. रात्री ते त्याला न्यायला आले. अंगावरच्या शर्टाला हळदीचा वास होता, खांद्यावर पिवळा डाग. त्यांनी विचारलं, "सर, आज बी न्हाई घातलं व्हय त्याला?" आवाजात तक्रार नव्हती. मी म्हणालो, "अजून कच्चा आहे हो तो." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग न खेळता पिकनार कसा, सर?"

मी काहीतरी पुटपुटलो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. आणि त्या प्रश्नाबरोबर पुन्हा पुन्हा आठवत राहिला एनबीए या अमेरिकेतल्या लीगमधल्या मायामी हीट संघाचा २०१८-१९चा मोसम.

मायामीत संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे सहा. त्या मोसमात मी चहा उकळत ठेवायचो, ओट्यावर डब्याला मोबाइल टेकवायचो आणि त्यांचे सामने बघायचो. संघ काही मोठा नव्हता. ८२ सामन्यांपैकी ३९ जिंकले, ४३ हरले, प्लेऑफला, म्हणजे पुढच्या बाद फेऱ्यांना, पोचलेच नाहीत. संघाचा जुना तारा ड्वेन वेड याचा तो शेवटचा मोसम, त्याच्या निरोपासाठी लोक बघत होते. मी बघत होतो त्यांचे दोन सेंटर.

एक हसन व्हाइटसाइड. सात फूट उंच, लांबलचक हात. त्याची गोष्ट तर अशी, की बाकावरच्या प्रत्येक उंच पोराला सांगावी. २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सॅक्रामेंटोने त्याला दुसऱ्या फेरीत, ३३व्या क्रमांकावर घेतलं. दोन मोसमांत मिळून तो फक्त १९ सामने खेळला. गुडघा दुखावला, संघाने सोडलं. मग तो लेबनॉनमध्ये खेळला, चीनमध्ये खेळला, परत आला तर कुणी विचारेना. नोव्हेंबर २०१४मध्ये मायामीने त्याला उचललं. दोन महिन्यांनी, २५ जानेवारी २०१५ला, शिकागोविरुद्ध तो बाकावरून उठला आणि २५ मिनिटांत १४ गुण, १३ रिबाउंड आणि १२ ब्लॉक करून बसला. समोरच्याचे बारा शॉट हवेतच अडवले! अख्ख्या संघाचे मिळून एका सामन्यात सहसा इतके होत नाहीत. पुढच्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक त्याचे, त्याच्या पुढच्या मोसमात सर्वाधिक रिबाउंड त्याचे. २०१६मध्ये चार वर्षांचा ९ कोटी ८० लाख डॉलरचा करार. मिनिटं मिळाली आणि माणूस उभा राहिला.

दुसरा बॅम अडेबायो. केंटकी विद्यापीठात एकच वर्ष खेळून २०१७च्या ड्राफ्टमध्ये १४व्या क्रमांकावर आलेला, विशीतला पोरगा. सहा फूट नऊ इंच, म्हणजे सेंटर म्हणून ठेंगणाच. तो व्हाइटसाइडच्या मागे बसायचा. पाचच वर्षांपूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हतं, तोच आता दुसऱ्याच्या वाटेत उभा होता.

सेंटरचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं, हे जरा सांगायला हवं. लोकांना वाटतं उंच आहे, रिबाउंड घेईल, ब्लॉक करेल, झालं. खरी परीक्षा असते ती पिक अँड रोलला. समोरचा गार्ड चेंडू घेऊन येतो, त्यांचा सेंटर आडवा उभा राहून स्क्रीन देतो, आपला गार्ड त्या स्क्रीनवर अडकतो. त्या अर्ध्या सेकंदात आपल्या सेंटरने ठरवायचं असतं : मागे सरकून रिंगपाशी थांबायचं, की पुढे येऊन त्या चपळ गार्डला स्वतःच धरायचं? तो जे ठरवेल त्यावर बाकीचे चौघं हलतात. गार्ड चुकला तर एक बास्केट जातं. सेंटर चुकला तर सगळ्यांचीच जागा चुकते, आणि स्कोअरशीटवर त्याची कुठेही नोंद होत नाही.

व्हाइटसाइड मागे सरकायचा. रिंगपाशी थांबून हात वर करून उभा. त्यातून त्याला ब्लॉक मिळायचे, रिबाउंड तर हक्काचेच. पण तोवर लीग बदलली होती. स्क्रीनवरून सुटलेला गार्ड आत घुसेनासा झाला, तो बाहेरच थांबून तीन गुणांचा शॉट मारायला लागला. सात फुटी माणूस रिंगपाशी आणि नेमबाज मोकळा. शेवटच्या मिनिटांत प्रशिक्षक एरिक स्पोलस्ट्रा त्याला बाहेर काढायला लागले. २०१८च्या वसंतात व्हाइटसाइडने या गोष्टीवर उघड नाराजी दाखवली आणि क्लबने त्याला दंड केला. मला त्याचा राग आला नाही. लेबनॉन, चीन फिरून ज्याने मिनिट मिनिट कमावलं, त्याला ते हातातून सुटताना बघणं सोपं नसणार.

अडेबायो मात्र पुढे यायचा. गार्डसमोर वाकून, पाय पसरून उभा राहायचा, आणि तो गार्ड चेंडू घेऊन थबकायचा. माझा चहा उतू गेलेला मला दोनदा आठवतो, दोन्ही वेळा याच्यामुळे. आक्रमणातही तसंच. तो तीन गुणांच्या रेषेपाशी चेंडू घेऊन उभा राहायचा, बाकीचे त्याच्या भोवती धावायचे आणि तो नेमका मोकळ्या माणसाच्या हातात चेंडू द्यायचा.

त्या मोसमात दोघांना सरासरी मिनिटं मिळाली जवळजवळ सारखीच : प्रत्येकी साधारण २३. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे अर्धाअर्धा वाटाच. एवढ्या मिनिटांत व्हाइटसाइडचे सरासरी १२.३ गुण आणि ११.३ रिबाउंड, अडेबायोचे ८.९ गुण आणि ७.३ रिबाउंड. पेपरात आकडे वाचणारा कुणीही म्हणेल, पोराला आहे तेवढं पुरे आहे, थोरल्याचीच मिनिटं वाढवा.

मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात स्पोलस्ट्रांनी अडेबायोला सुरुवातीपासून खेळवायला घेतलं, आणि जुलै २०१९मध्ये क्लबने व्हाइटसाइडला पोर्टलंडला पाठवलं. म्हणजे पुढच्या मोसमात दोघांचीही मिनिटं वाढली, वेगवेगळ्या शहरांत. असा प्रयोग बास्केटबॉलमध्ये कुणी मुद्दाम मांडायला गेलं तरी मांडता येणार नाही. मी एका रविवारी वही घेऊन शाळेतलं त्रैराशिक मांडलं. इतक्या मिनिटांत इतके, तर तितक्या मिनिटांत किती?

आधी व्हाइटसाइड. पोर्टलंडमध्ये त्याला ३० मिनिटं मिळाली. त्रैराशिकाने गुण यायला हवेत पावणेसोळाच्या आसपास, रिबाउंड साडेचौदा. प्रत्यक्षात आले १५.५ गुण आणि १३.५ रिबाउंड. हिशोब जवळजवळ जुळला.

मग अडेबायो. त्याला मिळाली ३३.६ मिनिटं. त्रैराशिकाने रिबाउंड साडेदहा, आले १०.२. इथवर ठीक. गुण यायला हवेत १२.८, आले १५.९. आणि असिस्ट, म्हणजे ज्यावर सोबत्याने बास्केट केलं असे पास? आदल्या मोसमात २.२ होते, त्रैराशिकाने ३.२ व्हायला हवेत. झाले ५.१.

त्या ५.१वर मी बराच वेळ पेन ठेवून बसलो. रिबाउंड हा उंचीचा, हातांच्या लांबीचा, उडीचा भाग. ते शरीरातच असतं, तेव्हा मिनिटं वाढवली की त्याच प्रमाणात वाढतं. पण असिस्टला दोन माणसं लागतात. चेंडू देणारा लागतो आणि तो चेंडू येणारच या भरवशावर आधीच धावत सुटलेला लागतो. तो भरवसा बाकावर बसून तयार होत नाही, आणि तीन तीन मिनिटांच्या तुकड्यांतही होत नाही. मिनिटं एका हद्दीपलीकडे गेली की तो एकदम उसळून येतो. आधीच्या आकड्यांत तो दिसणं शक्यच नसतं.

याला उत्तर आहे, मला ते माहीत आहे. व्हाइटसाइड गेल्यावर संघाची खेळण्याची पद्धत बदलली, जिमी बटलर आला, चेंडू अडेबायोच्या हातात जास्त राहायला लागला. सगळं कबूल. पण पद्धत का बदलली? तो असल्यामुळे बदलता आली म्हणूनच ना? त्याच मोसमात तो ऑल स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला आणि संघ अंतिम फेरीत गेला. त्याआधीच्या फेरीत, १६ सप्टेंबर २०२०च्या सकाळी, बॉस्टनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात, ओव्हरटाइमचे शेवटचे सेकंद, मायामी दोन गुणांनी पुढे आणि जेसन टेटम डंक मारायला उडाला. अडेबायो मधून आडवा आला आणि डाव्या हाताने त्याने तो चेंडू रिंगच्या वरच थांबवला. मनगट पूर्ण मागे वाकलेलं, तरी हात सुटला नाही. बाहेर उजाडलं होतं. मी एकटाच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत होतो. बायको उठून आली आणि काय झालं म्हणाली, तर मला सांगता येईना.

तेव्हा माझं मत आहे ते सरळ सांगतो. न आजमावलेल्या राखीव सेंटरला जास्त मिनिटं मिळायला हवीत. तो आजमावलेला नाही, हे कारण त्याला बसवायला पुरेसं नाही, कारण वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशातली ती गत आहे. पण सगळ्यांना सरसकट नाही. मिनिटं वाढवल्यावर ज्याचा हिशोब त्रैराशिकाबाहेर जाईल अशी शंका येते, त्याला. आणि ती शंका त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून येत नाही, तो आत असताना बाकीचे चौघं कसे खेळतात त्यावरून येते. अडेबायो आत असताना मायामीचे गार्ड मागे वळून बघत नव्हते. मागे कुणीतरी आहे हे त्यांना माहीत होतं. मला ते सांगलीत बसून ओट्यावरच्या मोबाइलवर दिसत होतं. त्याला २३च मिनिटं मिळत राहिली, ती निदान निम्म्या मोसमाची नासाडी होती असं मी आजही म्हणेन.

हे काही एकट्या मायामीचं नाही. २००९च्या प्लेऑफमध्ये ऑर्लँडोच्या ड्वाइट हॉवर्डवर एका सामन्याची बंदी आली, म्हणून त्याच्या मागे बसणाऱ्या मार्चिन गोर्टाटला फिलाडेल्फियाविरुद्ध सुरुवातीपासून खेळवावं लागलं. ११ गुण, १५ रिबाउंड, ऑर्लँडोने सामना आणि मालिका दोन्ही जिंकलं. बंदी आली नसती तर? डेन्व्हरने तर निकोला योकिचलाही काही दिवस बाकावरून आणलं होतं. डिसेंबर २०१६मध्ये त्याला मधली जागा कायमची दिली आणि दोनच महिन्यांत दुसरा सेंटर युसुफ नुर्किचला पोर्टलंडला धाडलं. पुढे योकिच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि एक उलटं उदाहरण, जे आपल्या माणसांच्या जिव्हाळ्याचं आहे. सिम भुल्लर. टोरंटोत जन्मलेला, पंजाबी आईवडिलांचा मुलगा, सात फूट पाच इंच. एप्रिल २०१५मध्ये तो सॅक्रामेंटोकडून मैदानात उतरला, तेव्हा एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. संघाचे मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. इथल्या आमच्या मैदानावर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पहिल्या सामन्यात त्याला १६ सेकंद मिळाले. एकूण तीन सामने, सगळी मिळून तीन मिनिटांच्या आसपास, दोन गुण. मग संपलं. तो एनबीएच्या वेगात टिकला असता असं मी म्हणत नाही, पळताना तो जड वाटायचा. पण तेवढ्या वेळात कुणाचं काही कळतं का? ती मिनिटं त्याला आजमावायला दिलेलीच नव्हती. दिल्याची नोंद झाली, एवढंच. अशी मिनिटं माझ्या मते न दिलेल्यापेक्षा वाईट, कारण नंतर लोक म्हणतात, दिली होती की संधी.

कृष्णेच्या घाटावर आम्ही पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. डबा बांधलेला असला तरी पाणी खरं असायचं, ओढ खरी असायची. राखीव खेळाडूला दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला, समोरच्यांचे राखीव आत असताना पाच सहा मिनिटं खेळवणं म्हणजे तसा डबा बांधणं. सामना वीस गुणांनी हातातून गेल्यावर शेवटच्या मिनिटाला उतरवणं म्हणजे घाटाच्या पायरीवर बसून पाय भिजवणं. माझ्या बाकावरच्या त्या मुलाला मी वर्षभर पायरीवर बसवलं होतं.

मी असं का केलं, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. प्रशिक्षकाला भीती असते. गार्ड चुकला तर लोक गार्डला बोलतात, पण कच्चा सेंटर उतरवला आणि आत भगदाड पडलं तर ओरडा प्रशिक्षकाच्या नावाने होतो. ठेंगणा फॉरवर्ड उभा करून हरलो तर "उंची कमी पडली" असं म्हणता येतं, आणि ते म्हणायला मी मोकळा राहिलो. उंची माझ्याच बाकावर नाडी बांधत बसली होती.

पुढच्या आठवड्यात सरावाला मी शिट्टी सहाय्यकाकडे दिली आणि बोर्डामागे उभा राहिलो. इतके दिवस मी त्या मुलाचे हातातून सुटलेले चेंडू मोजत होतो. ते त्या दिवशीही सुटले. ले-अप चुकले, एकदा तर रिबाउंड दोन्ही हातांत आलेला निसटला. पण मी या वेळी बाकीच्या चौघांकडे बघत होतो. आणि मला एक आवाज ऐकू आला, जो बाकाजवळून कधीच ऐकू आला नसता. खालच्या आवाजात, जवळजवळ स्वतःशी बोलल्यासारखा तो बोलत होता : "डावीकडनं येतोय... सोड, माझा हाय... माग फिर, माग." दहा मिनिटांनी आमचा पॉइंट गार्ड स्क्रीनकडे वळून न बघताच उजवीकडे सरकला. मागून आवाज आला होता म्हणून सरकला. इतर मुलं त्याला 'खांब' म्हणतात, मला ते आवडत नाही. पण त्या दिवशी त्यातला एक जण म्हणाला, "खांब बोलतोय तोवर बरंय रे." मी काही बोललो नाही.

सराव संपल्यावर मी त्याला विचारलं, "हे कधीपासून बोलतोस?" तो चमकला. त्याला वाटलं काहीतरी चुकलं. म्हणाला, "बाकावर बसल्यावर सगळं दिसतं ना सर. तिथं मनातल्या मनात बोलायचो."

पुढचा सामना शेजारच्या तालुक्याशी होता. दुसरा क्वार्टर सुरू झाला तसा मी त्याला उतरवलं. वडील आले होते, यार्डातून थेट, कुंपणाला धरून उभे. पहिल्या पन्नास सेकंदांत त्याला एक फाउल लागला, हात खाली आणल्याबद्दल. अजून अर्धं मिनिट गेलं आणि दुसरा लागला, स्क्रीन देताना हलल्याबद्दल. समोरच्यांनी सलग चार गुण केले. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "सर, काढा त्याला!" माझा नेहमीचा सेंटर न सांगताच बाकावरून उठला, जर्सी खोचत स्कोअररच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. सवयच होती तशी.

मैदानातून तो माझ्याकडे बघत होता. दोन्ही हात कमरेवर, निघायच्या तयारीत.

मी टेबलाशी उभ्या मुलाला हाक मारली आणि बाकाकडे बोट दाखवलं. "बस तू."